काळी खिडकी आपल्याच पोरांची आहे

‘सोलापूरच्या पोरांना कमांड लाइन कशाला शिकवता?’ हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता त्याचं उत्तर कागदावर मांडायलाच हवं. विचारणारे परके नाहीत. त्यांत महाविद्यालयांत शिकवणारे मित्र आहेत, चादर-टॉवेलचे व्यापारी आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेले आणि सणासुदीला घरी येणारे माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. पहिलं, संकेतस्थळ चढवायचं तर आज माउसनं चित्रं ओढून सोडली की काम होतं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करत बसणं हे जुन्या जमान्याचं काम. दुसरं, छोट्या व्यावसायिकाला मुळात साइटच नको, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम पुरे. तिसरं, ही साधनं धोक्याची आहेत. एका चुकीच्या ओळीनं सगळं उडतं आणि परदेशी कंपनीचं बिल अंगावर येतं. चौथं, आता एआय आलं आहे, ते सगळं करेल. आणि या चारांच्या मागे एक पाचवं वाक्य असतं. ते हलक्या आवाजात म्हटलं जातं: आपल्या पोरांना हे झेपायचं नाही.

ज्यावरून वाद आहे ती गोष्ट आधी समजून घेऊ. संकेतस्थळं ढोबळमानानं दोन प्रकारची. एका प्रकारात वाचक आला की सर्व्हर साठ्यातून माहिती काढतो, त्याच क्षणी पान तयार करतो आणि देतो. दुसऱ्या प्रकारात पानं आधीच तयार असतात. वाचक आला की हातात ठेवायची. हा फरक आपल्याकडच्या माणसाला समजावताना मला कधी अडचण आली नाही. पहिली ती तव्यावरची गरम भाकरी. दुसरी कडक भाकरी. ती एकदा भाजून वाळवून ठेवली की दिवसेंदिवस टिकते, प्रवासात नेता येते, शेंगाचटणीबरोबर केव्हाही खाता येते, आणि पाहुणे अचानक वाढले तरी चूल पेटवावी लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराला स्टॅटिक साइट म्हणतात.

ही पानं ठेवायची कुठे? सोलापुरात स्वतःचा माग नसलेला माणूसही माल विणून घेऊ शकतो. सूत द्यायचं, नमुना द्यायचा, झालेल्या कामाची मजुरी द्यायची. मागाचं तेलपाणी, दुरुस्ती, विजेचं बिल ही चिंता मागवाल्याची. सर्व्हरलेस सेवा म्हणजे हाच व्यवहार. नावात काहीही असलं तरी सर्व्हर असतोच, फक्त तो आपण पोसायचा नसतो. अ‍ॅमेझॉननं 2011मध्ये आपल्या एसथ्री या साठवण सेवेतून थेट स्टॅटिक साइट चालवायची सोय दिली. 2014मध्ये त्यांची लॅम्डा आली. ग्राहकाचा चौकशी अर्ज घेणं, त्याचा ईमेल पाठवणं एवढाच छोटा कार्यक्रम तिथं ठेवता येतो. तो चालेल तेवढ्याच वेळेचे पैसे पडतात, आणि कुणी आलंच नाही तर काहीच पडत नाहीत. 2016च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनचं केंद्र मुंबईत सुरू झालं आणि हे यंत्र सोलापूरपासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आलं.

आपल्या संगणकावरची पानं त्या यंत्रावर नेऊन ठेवणारं साधन म्हणजे ही कमांड लाइन. नेटलिफाय, व्हर्सेल, फायरबेस, क्लाउडफ्लेअरचं रँग्लर अशी कितीतरी साधनं आहेत. एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. त्यानंतर चांगलं साधन फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा गणिती ठसा काढतं. फाइलमधला एक काना बदलला तरी हा ठसा बदलतो. पलीकडे आधीपासून असलेल्या ठशांशी ते हे ठसे ताडून पाहतं आणि बदललेल्या तेवढ्याच फाइली पाठवतं. सगळ्या फाइली पोचेपर्यंत लोकांना जुनी साइट दिसत राहते, आणि शेवटची पोचली की नवी एकदम समोर येते. जुनी आवृत्ती बाजूला शाबूत राहते. चुकलं तर पुन्हा एका ओळीनं तिच्यावर परत जाता येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मुलाला याचा अर्थ लगेच कळतो. दोनशे पानांच्या साइटमधला एक भाव बदलला तर दोनशे पानं पुन्हा चढवायची नाहीत.

आता पहिला आक्षेप, की हे जुनं आहे. जुनं आहेच. पण आपल्या शहराची ओळख ज्या चादरीवर उभी आहे तिच्यावरचं फूल कुठून आलं? मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांतून. ते तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे त्या कार्डांत कायमचं नोंदलेलं असतं, म्हणून पहिल्या चादरीवरचं फूल हजाराव्या चादरीवरही तसंच उमटतं. कारागीर बदलला तरी फूल बदलत नाही.

माउसच्या क्लिकला असं कार्ड नसतं. एखाद्याला क्लिक शिकवायची तर शेजारी बसून ‘इथं दाब, मग तिथं दाब’ असं दाखवावं लागतं, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं पडद्याची मांडणी बदलली की शिकवलेलं सगळं वाया जातं. कमांड ही लिहिलेली ओळ असते. ती वहीत उतरवता येते, फोनवर वाचून दाखवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते. काल काय केलं हे आज पाहता येतं. ज्या ज्ञानाची लेखी नोंद राहते ते गरिबाच्या उपयोगाचं असतं, कारण ते मिळवायला दर वेळी माणूस विकत घ्यावा लागत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका टॉवेल उत्पादकाची गोष्ट सांगतो. त्यांनी काही वर्षांपूर्वी एका संस्थेला पैसे देऊन देखणी साइट करून घेतली. ओढा-सोडा पद्धतीचीच होती. दोन वर्षांत संस्था बंद पडली. साइटचा पासवर्ड संस्थेकडे, डोमेनची नोंदणीही संस्थेच्याच नावावर. मुदत संपली तशी साइट गेली. शंभरेक नमुन्यांची छायाचित्रं आणि मापं होती, त्यांची प्रत यांच्याकडे नव्हती. सगळं त्या ओढा-सोडा साधनाच्या पोटात होतं आणि तिथून बाहेर काढायची वाट कुणाला ठाऊक नव्हती. ‘सोपं आहे’ म्हणून जे विकलं जातं ते कुणासाठी सोपं आणि किती दिवस सोपं, हे विचारायला मी तिथं शिकलो. स्टॅटिक साइट म्हणजे शेवटी आपल्या संगणकावरचं एक फोल्डर. सेवा देणारी कंपनी उद्या बुडाली, रागावली किंवा महाग झाली तर तेच फोल्डर दुसरीकडे न्यायचं आणि दुसरी एक ओळ लिहायची. मालकी म्हणतात ती ही.

दुसरा आक्षेप व्हॉट्सअ‍ॅपचा. गिऱ्हाइकाशी बोलायला व्हॉट्सअ‍ॅपसारखं साधन नाही, हे मी आनंदानं मान्य करतो. पण बोलणं वेगळं आणि पत्ता वेगळा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळाल्याला दोन दशकं होत आली. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या निर्देशांकांत त्यांची गणना होते. तरीही बाहेरचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवला जातो ही आपल्या व्यापाऱ्यांची जुनी तक्रार आहे. दिल्लीतल्या किंवा दुबईतल्या ग्राहकानं खरा माल ओळखायचा कसा? त्याला ‘सोलापुरी चादर’ असं शोधल्यावर विणणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं पान सापडायला हवं. त्यावर मागाचं छायाचित्र हवं, सुताचा प्रकार, माप, वजन आणि निर्देशांकाचा नोंदणीकृत वापरकर्ता असल्याचा तपशील हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॅटलॉग शोधणाऱ्याला सहज सापडत नाही. इन्स्टाग्रामचं खातं एका सकाळी बंद होऊ शकतं आणि दाद मागायला खिडकी नसते. स्वतःच्या नावाच्या डोमेनला वर्षाला पडतात ते पैसे एखाद्या चांगल्या चादरीच्या किमतीच्या आसपासचे आहेत. त्यावर पन्नास पानांची स्टॅटिक साइट बहुतेक सेवांच्या मोफत मर्यादेत बसते. हा खर्च परवडत नाही असं म्हणणारा व्यापारी मला अजून भेटलेला नाही. हे शक्य आहे हेच ठाऊक नसलेले मात्र रोज भेटतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्याच्यापाशी जास्त थांबतो. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अ‍ॅमेझॉनच्या एका अभियंत्यानं बिलिंगची अडचण सोडवताना एका कमांडमध्ये चुकीचा तपशील दिला. थोडे सर्व्हर बंद करायचे होते, त्याऐवजी कितीतरी जास्त बंद झाले. उत्तर व्हर्जिनियातली एसथ्री सुमारे चार तास कोलमडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइट तिच्याबरोबर पडल्या. खुद्द अ‍ॅमेझॉनचा ‘सगळं ठीक आहे’ असं दाखवणारा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे तो बदलता येईना. आक्षेप घेणारे हे उदाहरण इथंच थांबवतात. पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. अ‍ॅमेझॉननं आपल्या लोकांकडून कमांड लाइन काढून घेतली नाही. त्यांनी त्या साधनालाच ब्रेक बसवला: क्षमता हळूहळू कमी होईल, आणि ठरावीक पातळीखाली जात असेल तर साधन नकार देईल. चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली हे माहीत होतं, म्हणूनच ती कुठे आणि कशी अडवायची हे ठरवता आलं.

बिलाची भीतीही खरी आहे. 2024च्या फेब्रुवारीत नेटलिफायच्या मोफत योजनेवरच्या एका साध्या साइटला सुमारे 1 लाख 4 हजार डॉलरचं बिल आलं. कुणीतरी तिथली एक ध्वनिफीत प्रचंड प्रमाणात उतरवून घेतली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीनं बिल माफ केलं. पण दर वेळी बोभाटा होईल आणि दर वेळी माफी मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये. म्हणून माझ्या वर्गात साइट चढवायच्या आधी चार गोष्टी शिकवतो. मर्यादा ओलांडली की बिल वाढवण्याऐवजी जी सेवा साइट थांबवते, ती निवडायची. गरज नसेल तर कार्डाचा नंबर द्यायचाच नाही. आणि जड फाइली, व्हिडिओ, ध्वनिफिती तिथं ठेवायच्या नाहीत. चौथी गोष्ट गुप्त किल्लीची. साधनाला आपल्या वतीनं काम करू देणारा जो टोकन असतो तो साइटच्या फोल्डरमध्ये ठेवून जगाला वाटायचा नाही. ही खबरदारी एका तासात शिकवून होते. यंत्रमागावर काम करणाऱ्याला पट्ट्यात हात घालू नको असं पहिल्या दिवशी सांगतात. धोका आहे म्हणून कुणी माग शिकवायचं थांबवलं नाही.

चौथा आक्षेप एआयचा. हा सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत उतावळा. साइट बांधून देणारे एआय मदतनीस मी रोज वापरतो. ते काय करतात ते पाहा. त्यांतले बरेचसे त्याच काळ्या खिडकीत उतरतात आणि तीच ओळ लिहितात. ‘ही आज्ञा चालवू का?’ असं विचारतात. ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे ती ओळ वाचता येणाऱ्यालाच ठरवता येतं. जिला वाचता येत नाही ती मुलगी दर वेळी ‘हो’ म्हणेल, आणि एखाद्या दिवशी जुन्या फाइली पुसण्याच्या ओळीलाही ‘हो’ म्हणेल. एआयमुळे टाइप करण्याची गरज कमी झाली आहे. वाचण्याची गरज वाढली आहे.

हा प्रश्न चादरी-टॉवेलांपुरता नाही. 16 जुलै 2021 रोजी राज्याचा दहावीचा निकाल लागला. करोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनावर दिले गेले होते. म्हणजे एकेका मुलाचा निकाल संकेतस्थळावर यायच्या आधीच पक्का ठरलेला होता. तरी दुपारी निकालाची संकेतस्थळं कोलमडली आणि पंधरा-सोळा लाख मुलं, त्यांचे आईबाप, गावोगावचे सायबर कॅफेवाले तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसले. एकाच वेळी सगळं राज्य पंगतीला बसलं आणि एकेका पानाची भाकरी तव्यावर थापायला घेतली तर दुसरं काय होणार?

हिशेब करून पाहा. एका मुलाच्या निकालाचं साधं पान पाच केबीचं धरलं तर सोळा लाख पानं आठ जीबीत बसतात. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतील. निकाल जाहीर होण्याच्या आदल्या रात्री ती बनवायची, देशभर पसरलेल्या साठ्यांवर एका ओळीनं चढवायची, आणि वेळ झाली की दार उघडायचं. गुप्ततेची शंका रास्त आहे. त्यासाठी पानाचं नाव बैठक क्रमांक, आईचं नाव आणि हॉल तिकिटावर छापलेला एखादा जादा सांकेतिक आकडा यांच्या गणिती ठशावरून ठेवता येईल. तो आकडा पुरेसा लांब असला की दुसऱ्याचा निकाल अंदाजानं उघडता येणार नाही. यात अवघड शास्त्र नाही. सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा एक चांगला गट हे दोन आठवड्यांत करून दाखवू शकेल, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

स्टॅटिक साइट हा सगळ्या रोगांवरचा उतारा आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. 2025च्या मे महिन्यात अकरावीच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशाचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बंद पडलं. तिथं मुलांना अर्ज भरायचे होते, पसंतीक्रम द्यायचे होते. ते काम नुसत्या तयार पानांनी होत नाही, तिथं तवा लागतोच. पण त्या साइटवरही नियम, वेळापत्रक, महाविद्यालयांच्या याद्या, मागच्या वर्षीचे कटऑफ अशी कितीतरी पानं सगळ्यांसाठी सारखीच असतात. ती वेगळी काढली तर तव्यावरचा भार उरेल तेवढाच खऱ्या अर्जांचा राहील. गरम भाकरी कुणाला आणि कडक भाकरी कुणाला, हे ओळखता येणं हीच विद्या आहे. आणि सरकारही अर्धी वाट चाललेलं आहे. सोलापूरसह जिल्ह्याजिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं आज एनआयसीच्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक चौकटीवर चालतात. प्रत्येक कलेक्टर कचेरीनं आपापला सर्व्हर पोसायचा नाही, हे तत्त्व तिथं मान्य झालेलं आहे.

राहिलं ते पाचवं, हलक्या आवाजातलं वाक्य. आपल्या पोरांना झेपायचं नाही.

माझ्या वर्गात येणारी मुलगी घरी तेलुगू बोलते, शेजारी कन्नड बोलते, शाळेत मराठी शिकलेली असते आणि मैत्रिणीची उर्दू तिला सहज कळते. चार भाषांत वावरणाऱ्या मुलीला पाचवी, वीस-पंचवीस शब्दांची भाषा झेपणार नाही, हे मी कुठल्या तोंडानं मान्य करू? अडचण आहे ती वेगळी. चूक झाल्याचा इशारा इंग्रजीत येतो, मार्गदर्शिका इंग्रजीत असते, आणि लाल अक्षरं दिसली की मूल घाबरून खिडकी बंद करतं. हा दोष मुलाचा नाही, तो आपण शिकवणाऱ्यांचा आहे. आपण मराठीत ती वही लिहिलेली नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे काय, ‘नॉट फाउंड’ आलं तर आधी काय तपासायचं, टोकन संपला तर काय करायचं, एवढं वीस पानांत मावतं. ते मराठीत हवं, आणि या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दूतही हवं. गंमत म्हणजे ती वही ठेवायला स्टॅटिक साइटइतकी योग्य जागा दुसरी नाही: प्रत्येक भाषेचं एक फोल्डर, चढवायला एकच ओळ.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या विद्यापीठाशी संलग्न संगणकाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात, तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी एक प्रात्यक्षिक असावं. विद्यार्थ्यानं गल्लीतल्या एका खऱ्या माणसाची साइट करायची, तिचं डोमेन त्या माणसाच्याच नावावर घ्यायचं, कमांड लाइनवरून ती चढवायची, मुद्दाम बिघडवायची आणि मागच्या आवृत्तीवर परत आणायची. परीक्षकानं शेवटचं पाहावं ते हे, की लिहून ठेवलेल्या सूचनांवरून तिसरा माणूस ते काम करू शकतो का. यानं सोलापुरात नोकऱ्यांची रांग लागणार नाही, आणि पुण्याची गाडी रिकामी धावणार नाही. पण गेलेल्या मुलाच्या मागे शहरात काहीतरी उरेल.

तो टॉवेल उत्पादक मी वर सांगितला. त्यांची साइट पुढे माझ्या एका विद्यार्थिनीनं नव्यानं बांधली. छायाचित्रं पुन्हा काढली, मापं पुन्हा घेतली. वर्षभरानं तिला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. जाताना तिनं एका जाड पुठ्ठ्यावर मार्करनं मराठीत पाच ओळी लिहिल्या: फोल्डर कुठं आहे, भाव कोणत्या फाइलमध्ये बदलायचा, चढवायची ओळ कोणती, चुकलं तर मागे न्यायची ओळ कोणती, आणि टोकन संपला तर मला फोन करा. तो पुठ्ठा गल्ल्याच्या मागे, सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. मालकांचा पुतण्या बारावी वाणिज्य. दर सोमवारी तो त्या पुठ्ठ्याकडे पाहून भाव बदलतो आणि ओळ टाइप करतो. तिला फोन करायची वेळ आजवर दोनदाच आली आहे.